उलटं करून बघा! रोजचे कपडे, चपला आणि मेकअप पारखून घेण्याची पद्धत

तो काळा टॉप मी आरशासमोर दीड मिनिटात पसंत केला होता. तिसऱ्या धुण्यानंतर त्याची बाजूची शिवण फिरत फिरत पोटावर आली. शिवणकाम करणाऱ्या मावशींकडे घेऊन गेले, तर त्यांनी आधी तो उलटा केला. आतली बाजू दिव्याखाली धरली, शिवणीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, "अगं, घेताना आतून बघितला होतास का? कापड तिरकं कापलंय. ह्याला मी काय, कुणीच काही करू शकत नाही."

मी अर्थातच बघितला नव्हता. कोण बघतं? आपण रंग बघतो, गळा बघतो, किमतीची चिठ्ठी बघतो. त्यानंतर मात्र सवयच लागली. कपडा असो, चप्पल असो की क्रीमची डबी, हातात आली की आधी उलटी करायची. खरेदीला थोडा जास्त वेळ लागतो, सोबत आलेल्या मैत्रिणी कंटाळतात, पण कपाटात पडून राहणाऱ्या वस्तू फार कमी झाल्या. तीच पद्धत इथे क्रमाने लिहिते आहे.

पायरी १ : निघण्याआधी कपाट उघडा

तुम्ही सगळ्यात जास्त घालता असे तीन कपडे बाहेर काढा. सगळ्यात सुंदर नव्हेत, सगळ्यात जास्त वापरलेले. ते पलंगावर सपाट पसरा आणि टेपने मापं घ्या. टॉप किंवा शर्ट असेल तर एका काखेच्या शिवणीपासून दुसऱ्या काखेपर्यंतचं अंतर घ्या आणि त्याची दुप्पट करा. खांद्याची रुंदी आणि पूर्ण उंचीही घ्या. पँट असेल तर कंबर, मांडीचा घेर, आतल्या पायाची लांबी आणि पायांच्या जोडापासून कमरेपर्यंतची उंची. शेवटचं माप बहुतेकजणी विसरतात आणि मग बसताना पाठीमागून पँट खाली सरकते. हे आकडे फोनमध्ये लिहून ठेवा.

एवढा खटाटोप कशाला? कारण 'मीडियम' म्हणजे नेमके किती इंच, हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते. एका ठिकाणचं 'एल' दुसऱ्या ठिकाणी 'एस'च्या जवळ जाणारं निघू शकतं. साईजचं अक्षर मनाला लावून घेऊ नका. ते तुमच्या शरीराविषयी काहीच सांगत नाही.

मापं झाली की त्याच तीन कपड्यांच्या आतल्या चिठ्ठ्या वाचा. माझे तिन्ही सुती किंवा लिननचे निघाले. याउलट टॅगसकट पडून राहिलेले बरेच कपडे निव्वळ पॉलिस्टरचे होते. आपल्याला काय आवडतं हे आपल्याला वाटतं त्यापेक्षा वेगळं असू शकतं, आणि कपाट त्याबाबत खोटं बोलत नाही.

पायरी २ : कपडा उलटा करा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, म्हणून इथे जरा रेंगाळू.

पहिल्यांदा शिवण. शिवणीच्या दोन्ही बाजू हलक्या हाताने विरुद्ध दिशांना ओढा. टाके शिडीच्या पायऱ्यांसारखे उघडे दिसायला लागले किंवा मधून उजेड दिसला, तर तो कपडा लवकर उसवणार. नेहमीच्या शर्ट-ड्रेसच्या कापडावर इंचाला १० ते १२ टाके असले तर काम चांगलं समजा. सहा-सातच असतील तर मशीन घाईत पळवलेलं आहे. जाड डेनिमला टाके मोठेच असतात, तिथे हा हिशेब लावू नका.

मग शिवणीतली माया बघा. माया म्हणजे शिवणीपलीकडे आत सोडलेलं जास्तीचं कापड. सेंटीमीटरभर किंवा जास्त माया असेल, तर पुढे कपडा थोडा सैल करून घेता येतो आणि शिवणीवर ताणही कमी येतो. विणीच्या कापडाला, म्हणजे शर्ट-पँटच्या नेहमीच्या कापडाला, माया नसून नुसती ओव्हरलॉकची बारीक कड असेल, तर आज बसतो तसाच तो कायम बसणार. वजन दोन किलोंनी इकडेतिकडे झालं की संपलं. टी-शर्टच्या होजिअरी कापडात माया नसते, तो दोष नाही.

तिरक्या कपड्याची परीक्षा सोपी आहे, आणि ती मला आधी माहीत असती तर तो काळा टॉप घरी आलाच नसता. कपडा खांद्यांपाशी धरून उभा झटका आणि बाजूच्या शिवणी सरळ खाली जातात का ते बघा. नवीन असतानाच शिवण पुढेमागे वळलेली दिसली, तर धुतल्यावर ती आणखी वळणार. पातळ होजिअरीत हे जास्त होतं, कारण सुताला दिलेला पीळ पाण्यात मोकळा व्हायला बघतो आणि सोबत कापडालाही फिरवतो. चौकडी किंवा पट्ट्यांच्या कपड्यात बाजूच्या शिवणीवर आणि खिशावर रेषा जुळतात का तेही बघा. रेषा जुळवायच्या तर कापड जास्त लागतं. म्हणून जिथे त्या जुळवल्या आहेत, तिथे बाकी ठिकाणीही हात आखडता घेतला नसण्याची शक्यता जास्त.

कापडाच्या चार झटपट परीक्षा :

मुठीत घट्ट चुरगाळून दहापर्यंत मोजा आणि सोडा. राहिलेल्या चुण्या बघून तुम्हाला रोज इस्त्री करायची आहे का ते ठरवा.

उजेडाकडे धरा. एकाच कापडात कुठे दाट, कुठे विरळ ढग दिसत असतील तर ते विरळ जागी आधी फाटेल. लेगिंग्जच्या आत हात घालून कापड ताणा आणि बोटं किती दिसतात ते पाहा. वाकल्यावर तेवढंच दिसणार आहे.

दोन बोटांच्या चिमटीत कापड चोळा. पांढरी भुकटी पडली किंवा चोळलेली जागा एकदम मऊ पडली, तर जाडी कापडाची नाही, खळीची आहे. पहिल्या धुण्यात ती पाण्याबरोबर जाईल आणि हातात फडकं राहील.

पांढरा रुमाल किंचित ओला करून आतल्या बाजूला घासा. काळा, गडद लाल, निळा असल्या रंगांसाठी हे कराच. डेनिमची निळी नीळ धाग्याच्या पृष्ठभागावरच बसते, गाभ्यापर्यंत मुरत नाही, त्यामुळे नवी गडद जीन्स थोडा रंग सोडणारच. ती घालून पांढऱ्या सोफ्यावर बसू नका, एवढंच.

चेन तीनदा उघडमीट करा. बटणाच्या काजांना लोंबते धागे आहेत का बघा. आणि हो, ब्लेझरचा खिसा शिवलेला दिसला की तो खोटा आहे असं धरून चालू नका. दुकानात आकार बिघडू नये म्हणून तो पुष्कळदा कच्च्या टाक्यांनी बंद केलेला असतो. कोटाच्या मागच्या कापावर फुलीसारखे टाके असतात तेही असेच, घरी आणून उसवायचे. कितीतरी बायका ती फुली तशीच ठेवून हिंडतात. मीही हिंडले आहे, चांगली दोन वर्षं. खिसा खरोखरच खोटा असेल तर मात्र माझ्या लेखी त्या कपड्याचे दहा गुण तिथेच गेले.

पायरी ३ : आतली चिठ्ठी वाचा

चिठ्ठीवर शोधायचं ते धाग्याचं नाव आणि टक्केवारी. इथे एक मोठा गोंधळ होतो. सॅटिन, शिफॉन, जॉर्जेट, क्रेप, वेलव्हेट ही धाग्यांची नावं नाहीत, कापड विणण्याच्या पद्धतींची आहेत. सॅटिन रेशमाचं असतं तसं पॉलिस्टरचंही असतं. दोन्ही चमकतात, पण घाम आला की दोन्हींतला फरक अंगाला लगेच कळतो. 'सिल्की', 'कॉटन फील', 'लिनन लुक' असे शब्द दर्शनी टॅगवर कितीही मोठे असोत, आतल्या चिठ्ठीवर त्यांना जागा नसते.

हा फरक का कळतो? सर्वसाधारण दमट हवेत सुती धागा आपल्या वजनाच्या सुमारे ८ टक्के ओलावा धरतो, व्हिस्कोस ११ ते १३ टक्के, आणि पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. म्हणून उकाड्यात घट्ट पॉलिस्टर टॉप चिकटतो. पण म्हणून पॉलिस्टर वाईट असं मी म्हणणार नाही. पाणी धरत नाही, म्हणूनच ते लवकर वाळतं. पाऊस, प्रवास, व्यायाम अशा वेळी सुती कपडा ओलाकिच्च होऊन अंगावर थंड पडतो, तिथे पॉलिस्टरच कामाला येतं.

व्हिस्कोस किंवा रेयॉन लाकडाच्या लगद्यापासून बनतं. ते मऊ असतं आणि अंगावर छान पडतं. त्याची खोड एकच : ओलं झालं की त्याची ताकद निम्म्याच्या आसपास येते आणि कपडा आटण्याचाही धोका असतो. हाताने पिळलं की संपलं. तुम्हाला सगळं एकत्र मशीनमध्ये टाकायची सवय असेल तर व्हिस्कोसच्या मोहात पडताना दोनदा विचार करा. लायोसेल आणि मोडाल त्याच कुळातले, पण ओले असताना जास्त तग धरतात.

ताणणाऱ्या कपड्यात इलॅस्टेन असतं, त्यालाच कुठे स्पॅन्डेक्स, कुठे लायक्रा म्हणतात. जीन्समध्ये दोन टक्केसुद्धा पुरेसं जाणवतं. हा धागा उष्णतेने आणि क्लोरीनने मरतो, म्हणून कडक इस्त्री, गरम ड्रायर आणि ब्लीच यांपासून तो लांब ठेवा. धुण्याच्या खुणांचं फार अवडंबर नको : पाण्याची टोपली म्हणजे धुणं, त्रिकोण म्हणजे ब्लीच, चौकोन म्हणजे वाळवणं, साधं वर्तुळ म्हणजे लाँड्रीतली व्यावसायिक सफाई. फुली मारली असेल तर ते करायचं नाही. 'फक्त ड्राय क्लीन' लिहिलेला रोजचा कपडा मी घेत नाही. तो रोजचा राहतच नाही.

चिठ्ठीवर विश्वास नसेल तर घरी आणल्यावर मायेतला एकच धागा काढून, चिमट्यात धरून, पाण्याच्या भांड्यावर जाळून पाहता येतो. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मऊ राख होते. पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. रेशीम आणि लोकर जळक्या केसांचा वास देतात. दुकानात मात्र हा प्रयोग करायला जाऊ नका.

पायरी ४ : ट्रायल रूममध्ये उभ्या राहू नका

म्हणजे नुसत्या उभ्या राहू नका. उभ्याने सगळंच बरं दिसतं. बसा, वाका, बुटाची नाडी बांधल्यासारखं करा, दोन्ही हात वर करा, ड्रायव्हिंग करत असाल तर हात पुढे धरा. हात वर केल्यावर अख्खा शर्ट वर चढत असेल तर मुंढा, म्हणजे बाही जोडायची काखेजवळची जागा, बरोबर कापलेला नाही, आणि ते दुरुस्त करणं महाग आणि अवघड काम आहे. खांद्याचंही तेच. कंबर आत घेता येते, लांबी कमी करता येते, पण खांदा चुकला की कपडा ठेवून द्या. छातीवरच्या दोन बटणांमध्ये फट पडत असेल तर वरचा साईज घेऊन कंबर आवळून घ्या.

रंग खिडकीच्या उजेडात बघा. दुकानाच्या पिवळ्या दिव्याखाली जुळलेले दोन काळे, दोन निळे रस्त्यावर आल्यावर भांडायला लागतात.

आतल्या कपड्यांबद्दल थोडं मोकळेपणाने. ब्राचा आधार प्रामुख्याने छातीखालच्या पट्ट्याने द्यायचा असतो, खांद्यावरच्या पट्ट्यांनी नव्हे. खांद्यावर वळ उठत असतील तर बहुधा पट्टा सैल आहे. नवी ब्रा सर्वांत बाहेरच्या, सैल हुकावर नीट बसायला हवी, म्हणजे पुढे इलॅस्टिक सैलावलं की आतल्या हुकांवर जाता येतं. पाठीवर पट्टा वर चढत असेल तर तो मोठा होतोय. कपचं अक्षर छातीचं माप आणि खालच्या पट्ट्याचं माप यांच्या फरकावर ठरतं, म्हणून ३४ सी आणि ३६ बी यांच्या कपमध्ये जवळपास सारखीच जागा असते. तुमचा साईज संपला असेल तर ही शेजारची जोडी मागून बघा. आणि दहा वर्षांपूर्वी ठरलेला साईज आजही तोच असेल असं धरू नका.

पायरी ५ : ऑनलाइन, म्हणजे पाण्यात म्हैस

पाण्यातल्या म्हशीचं मोल बाहेर उभं राहून करायचं, तसला हा प्रकार. उलटं करून बघायला वस्तूच हातात नाही. मग काय उलटायचं? पान. सुंदर फोटो वरच्या वर सोडून द्या आणि थेट तळाशी जा.

तळाशी कापडाची माहिती असते. टक्केवारी दिलेली नसेल, नुसतं 'कॉटन ब्लेंड' असेल, तर त्यात सूत किती हे विक्रेत्याला विचारा. उत्तर आलं नाही तर तेच उत्तर समजा. मग साईजचा तक्ता. तो शरीराच्या मापाचा आहे की तयार कपड्याच्या, हे आधी बघा. गोंधळ नेमका इथे होतो. तयार कपड्याची मापं असतील तर पायरी १ मध्ये लिहून ठेवलेल्या आकड्यांशी थेट ताडून बघा. अर्ध्या-एक इंचाचा फरक चालतो. तीन इंचांचा फरक असेल तर फोटोतल्या मुलीच्या पाठीमागे क्लिपा लावलेल्या आहेत असं समजायला हरकत नाही.

अभिप्रायांत मी पाच तारे वाचत नाही आणि एक ताराही फारसा वाचत नाही. पहिल्यात कौतुक असतं, दुसऱ्यात बहुतेक वेळा पार्सल उशिरा आल्याचा राग. दोन आणि तीन ताऱ्यांची माणसं मात्र कामाचं बोलतात : 'रंग फोटोपेक्षा फिका', 'धुतल्यावर उंची कमी झाली', 'बाही घट्ट'. ग्राहकांनी स्वतः काढलेले फोटो बघा, त्यातही तुमच्या अंगलटीचं कुणी असेल तर ते. परत करण्याच्या अटी पैसे देण्याआधी वाचा : किती दिवस, कुणाच्या खर्चाने, आणि पैसे परत की नुसतं कूपन. आतले कपडे, मेकअप आणि कानातले बऱ्याच ठिकाणी परत घेतच नाहीत.

पार्सल उघडताना माझा एक नियम आहे : टॅग काढायचा नाही, अत्तर लावलेल्या अंगाने कपडा घालायचा नाही, आणि दिवसाच्या उजेडात, घरातल्या तीन कपड्यांबरोबर तो घालून बघायचा. एकाशीही जमला नाही तर परत.

पायरी ६ : चपला, बूट आणि बॅग

पाय दिवसभरात सुजतो, म्हणून पादत्राणं दुपारनंतर घ्या आणि दोन्ही पायांत घालून बघा. बहुतेकींचा एक पाय किंचित मोठा असतो, माप त्याचं धरायचं. उभं राहिल्यावर सर्वांत लांब बोटापुढे सुमारे एक सेंटीमीटर जागा हवी. आता बूट उलटा करा आणि पुढचा भाग वाकवा. तो बोटांच्या मुळाशी वाकायला हवा, कारण पाय तिथेच वाकतो. मधोमध घडी पडत असेल तर तळव्याला आधार मिळणार नाही. टाचेमागची भिंत चिमटीत दाबा, ती सहज चपटी व्हायला नको. 'वापरून सैल होईल' हे वाक्य विक्रेत्याचं आहे. रुंदीत थोडं खरं, लांबीत कधीच नाही.

बॅगेबाबत एकच सांगते. 'व्हेगन लेदर' म्हणजे बहुतेक वेळा पॉलियुरेथेन नाहीतर पीव्हीसी, म्हणजे प्लास्टिकच. पॉलियुरेथेनचा थर दमट हवेत हळूहळू तुटतो, म्हणून न वापरता कपाटात जपून ठेवलेली बॅगही एक दिवस खवले टाकायला लागते. अशी बॅग घ्यायची तर जपायला घेऊ नका, वापरायला घ्या. पट्टा जिथे जोडला आहे ती जागा आतून बघा, तिथे दुहेरी शिलाई किंवा रिव्हेट हवा.

पायरी ७ : आता बाटली उलटी करा

सौंदर्यप्रसाधनांत पुढची बाजू म्हणजे निव्वळ कविता. मजकूर मागे असतो, तोही मुंगीच्या अक्षरात. फोनने फोटो काढून मोठा करून वाचा.

घटक त्यांच्या प्रमाणानुसार उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. पण जे एक टक्का किंवा त्याहून कमी आहेत, ते शेवटी कोणत्याही क्रमाने लिहिता येतात. त्यामुळे पुढे मोठ्या अक्षरात केशर, मोती, आर्गन तेल आणि मागे तेच नाव फिनॉक्सिइथेनॉलच्याही खाली दिसलं, तर काय ते समजा. हे परिरक्षक (वस्तू नासू नये म्हणून घालतात ते) साधारणपणे एक टक्क्यापर्यंतच वापरतात, तेव्हा त्याच्याखालची नावं थेंबाथेंबाचीच.

अल्कोहोल हा शब्द दिसला की घाबरू नका. सेटिल आणि सेटिअरिल अल्कोहोल हे मेणचट, त्वचा मऊ ठेवणारे घटक आहेत. त्वचा कोरडी करणारं ते 'अल्कोहोल डिनॅट', तेही यादीत वर असेल तर. त्वचा नाजूक असणाऱ्यांनी 'फ्रॅग्रन्स फ्री' शोधावं. 'अनसेंटेड' वेगळं : त्यात मूळ वास झाकण्यासाठी सुगंध घातलेला असू शकतो. 'नॉन-कॉमेडोजेनिक' म्हणजे रंध्रं न बुजवणारं, पण या कल्पनेचा उगम सशाच्या कानांवर केलेल्या चाचण्यांत आहे. तुमचा चेहरा सशाचा कान नाही. त्या शब्दाला इशारा समजा, हमी समजू नका.

उघड्या डबीचं छोटं चित्र आणि त्यात '६ एम', '१२ एम' असा आकडा असतो. उघडल्यानंतर किती महिने वापरायचं, ते हे. मस्करा सगळ्यात लवकर खराब होतो. तीन ते सहा महिन्यांत तो टाकून द्या, आणि डोळे आले असतील तर लगेच. 'व्हिटॅमिन सी' म्हणून विकलं जाणारं अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिडचं सीरम पारदर्शक बाटलीत किंवा रुंद तोंडाच्या डबीत असेल तर घेऊ नका. हवा आणि उजेडाने ते तपकिरी पडतं आणि निकामी होतं. रेटिनॉलचंही तसंच. शिवाय गरोदरपणात रेटिनॉलच्या कुळातलं काहीही वापरू नका.

सनस्क्रीनवर दोन गोष्टी हव्यात. एसपीएफ हा आकडा मुख्यतः यूव्हीबी किरणांचा, म्हणजे त्वचा भाजणाऱ्या उन्हाच्या किरणांचा. एसपीएफ १५ त्यांतले सुमारे ९३ टक्के अडवतो, ३० सुमारे ९७ आणि ५० सुमारे ९८ टक्के. म्हणजे ३० आणि ५० मधला फरक जाहिरातीत दिसतो तेवढा नाही. दुसरी गोष्ट यूव्हीए, म्हणजे त्वचेत जास्त खोल जाणारे किरण. त्यासाठी 'पीए' ही अक्षरं आणि त्यापुढच्या अधिकच्या (+) खुणा बघा, किंवा वर्तुळातलं 'यूव्हीए' बघा. हे आकडे प्रयोगशाळेत दर चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम लावून काढतात. आपण सहसा त्याच्या निम्म्याहून कमी लावतो. चेहरा आणि मानेसाठी तर्जनी आणि मधल्या बोटावर पूर्ण लांबीच्या दोन रेघा, आणि उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. फाउंडेशनमधला एसपीएफ हिशेबात धरू नका, कारण तेवढं फाउंडेशन लावलं तर आपण भिंतच दिसू. वांग असणाऱ्यांनी आयर्न ऑक्साइड असलेलं रंगीत सनस्क्रीन बघावं, कारण ते दृश्य प्रकाशालाही काही प्रमाणात अडवतं.

इथे मात्र थांबा

'आठवड्यात गोरेपणा' असं सांगणारी, घटकांची यादी नसलेली, कुणी तरी 'खास' म्हणून हातात ठेवलेली क्रीम अजिबात घेऊ नका. अशा क्रीमांमध्ये पारा सापडतो. पारा त्वचेवाटे शरीरात जातो, मूत्रपिंडांना इजा करतो, आणि त्याची वाफ घरातल्या मुलांनाही बाधते. २०१३ साली झालेल्या मिनामाता कराराने पारायुक्त सौंदर्यप्रसाधनांवर बंधन आणलं, तरी ती विकली जातात. यादीत मर्क्युरस क्लोराइड, कॅलोमेल, अमोनिएटेड मर्क्युरी अशी नावं दिसली तर ठेवून द्या. 'चांदी-सोन्याच्या दागिन्यांना लावू नये' अशी सूचना असेल तरी तोच संशय घ्या, कारण पारा या धातूंशी संयोग पावतो.

दुसरा धोका स्टिरॉइडचा. क्लोबेटासॉल, बीटामेथासॉन ही औषधं आहेत, मेकअप नव्हे. पहिले काही दिवस चेहरा खरोखर उजळ दिसतो, मग त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसायला लागतात, पुरळ येतं, आणि क्रीम थांबवली की सगळं उसळून वर येतं. कुणी महिनोन्‌महिने लावत असेल तर तिने स्वतःच्या मनाने न थांबवता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावं.

पायरी ८ : रंग, वास आणि कानातले

फाउंडेशनचा रंग मनगटावर बघण्यात अर्थ नाही. तिथली त्वचा चेहऱ्यासारखी नसते. जबड्याच्या कडेला तीन जवळजवळच्या छटांच्या रेघा ओढा, दहा-पंधरा मिनिटं दुकानाबाहेर फिरून या आणि उजेडात बघा. काही फाउंडेशनं हवा लागल्यावर एक छटा गडद होतात. जी रेघ शोधावी लागते, ती तुमची. टेस्टरची लिपस्टिक ओठांना लावू नका, बोटांच्या टोकांवर बघा. बोटांच्या टोकांचा रंग ओठांच्या रंगाच्या जवळ जातो.

अत्तर एका फेरीत तीनच, त्यापुढे नाक दमतं. आधी कागदाच्या पट्टीवर, मग आवडलेलं त्वचेवर. पहिला वास पंधरा-वीस मिनिटांत उडून जातो आणि तुम्ही ज्याच्याबरोबर दिवस काढणार तो तासाभराने येतो. म्हणून पहिल्या फवाऱ्यावर पैसे देऊ नका.

कानातले घातल्यावर खाज, पाणी येत असेल तर दोष बहुधा निकेलचा. ही अ‍ॅलर्जी एकदा जडली की सहसा कायमची राहते. युरोपीय संघाने टोचलेल्या जागेत घालायच्या वस्तूंमधून निकेल आठवड्याला दर चौरस सेंटीमीटरमागे ०.२ मायक्रोग्रॅमहून जास्त सुटू नये अशी मर्यादा घातली आहे, यावरून विषय किती बारीक आहे ते कळेल. अशांनी टायटॅनियम किंवा नायोबियमचे घ्यावेत. कानातला उलटा करून दांडीची धातू वेगळी आहे का ते बघा, कारण पुढचा भाग सोन्याचा दिसला तरी त्वचेला लागते ती दांडी. अंगठीने बोट हिरवं झालं तर मात्र घाबरू नका, ते तांबं आहे, धुतलं की जातं.

पायरी ९ : घरी आणल्यावर

नवा कपडा घालण्याआधी एकदा धुवा. चुण्या पडू नयेत म्हणून वापरलेल्या प्रक्रियेत फॉर्माल्डिहाइड असू शकतं आणि जास्तीचा रंगही धुऊन निघतो. धुतानाही उलटा करून, म्हणजे दर्शनी बाजूवर गोळे कमी येतील. सोबत मिळालेलं जादा बटण त्याच कपड्याच्या आतल्या मायेवर शिवून टाका. वेगळ्या डबीत ठेवलेली बटणं कधीच सापडत नाहीत.

चेहऱ्यावरचं नवं काहीही आधी हाताच्या आतल्या बाजूला, एकाच जागी, दिवसातून दोनदा, आठवडाभर लावून बघा. केसांच्या रंगासाठी ४८ तास आधी कानामागे ठिपका लावून बघा, दर वेळी, पूर्वी सोसला असला तरीही, कारण त्यातल्या पीपीडी या घटकाची अ‍ॅलर्जी अनेकदा वापरल्यानंतरही उद्भवते. दोन नव्या वस्तू एकाच वेळी सुरू करू नका, नाहीतर पुरळ कुणामुळे आलं तेच कळणार नाही.

पावती परतीची मुदत संपेपर्यंत जपा. आणि न पुसल्या जाणाऱ्या मार्करने प्रत्येक बाटली-डबीच्या तळाशी उघडल्याची तारीख लिहा. परवा ड्रॉवर रिकामा करताना माझा एक आवडता लायनर उलटा केला, तर तळाशी माझ्याच अक्षरातली तारीख पावणेदोन वर्षांपूर्वीची निघाली. सरळ कचऱ्यात टाकला.